अंधार करणारे बटण

डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यू हे डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यावरचे एक बटण आहे. ते दाबले असता फोटो निघत नाही, कुठला आकडा बदलत नाही, कार्डावर काही साठत नाही. लेन्समध्ये बारीकशी टिक् होते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार पडतो. बीड जिल्ह्यात अंधार पडायला कारण लागत नाही. त्यामुळे हे बटण पहिल्यांदा चुकून दाबणारा माणूस लाईट गेल्यावर थांबतो तसा क्षणभर थांबतो, बोट उचलतो, उजेड परत आलेला पाहतो आणि पुढच्या कामाला लागतो. संशयी स्वभावाचा असेल तर दुसऱ्या दिवशी कॅमेरा दुरुस्तीला नेतो. बटण मात्र धडधाकट असते. अंधार करणे हेच त्याला नेमून दिलेले काम आहे.

लेन्स नेमकी एकाच अंतरावर फोकस होते. चार मीटरवरच्या नवरदेवावर फोकस केला, तर काटेकोर हिशेबाने चार मीटरवरचेच तेवढे तंतोतंत येते आणि पुढचे-मागचे सगळे कमीजास्त बिघडलेले असते. पण माणसाचा डोळा इतका काटेकोर नाही. थोडे बिघडलेले तो चालवून घेतो. जेवढ्या अंतराचा पट्टा असा चालवून घेतला जातो, त्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. हा पट्टा किती रुंद, ते अ‍ॅपर्चरवर, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या भोकावर, लेन्सच्या फोकल लेंग्थवर, फोकसच्या अंतरावर आणि फोटो केवढा छापून किती जवळून पाहणार यावर ठरते. अ‍ॅपर्चरचे भोक लहान केले की पट्टा रुंदावतो. आकडे मात्र उलटे चालतात: एफ/१.८ हे मोठे भोक आणि एफ/१६ हे लहान. शाळेत अपूर्णांकांशी ज्यांचे जमले नाही त्यांना यात कॅमेरा कंपन्यांचा डाव दिसतो, पण भानगड साधी आहे. ५० मिलिमीटर फोकल लेंग्थचा सोळावा भाग काढला की भोक भरते सुमारे ३ मिलिमीटर, आणि १.८ ने भागले की सुमारे २८.

आता व्ह्यूफाइंडरची लबाडी. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जातो, घाशीव काचेवर चित्र उमटवतो आणि प्रिझममधून डोळ्यापर्यंत पोहोचतो. हे चित्र उजळ दिसावे आणि फोकस चटकन सापडावा म्हणून लेन्स बघण्याच्या वेळी पूर्ण उघडी ठेवलेली असते. फोटोग्राफरने डायल फिरवून एफ/११ लावले तरी भोक जागचे हलत नाही. शटर दाबल्यावर आरसा वर उचलला जातो, भोक ठरल्या मापापर्यंत मिटते, फोटो निघतो, भोक पुन्हा उघडते, आरसा खाली येतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उरकते आणि फोटो निघण्याच्या नेमक्या क्षणी आरसा वर गेलेला असल्यामुळे फोटोग्राफरला काहीच दिसत नसते. थोडक्यात, त्याने पाहिलेले चित्र एका अ‍ॅपर्चरचे आणि कॅमेऱ्याने घेतलेले दुसऱ्याच अ‍ॅपर्चरचे. प्रिव्ह्यूचे बटण फोटो न काढता भोक तेवढे मिटवून दाखवते. भोक मिटले की उजेड घटतो. एफ/५.६ वरून एफ/१६ ला गेले की उजेडाचा आठवा हिस्सा उरतो, एफ/२.८ वरून गेले तर बत्तिसावा. अंधार तो हाच.

पूर्वी या अंधारासाठी बटण लागत नसे, तो कायमचाच होता. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते तेव्हा त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. त्यांच्या काळचा मोठा लाकडी कॅमेरा तिकाटण्यावर उभा राही. फोटोग्राफर काळ्या कापडात डोके घालून काचेवरचे उलटे चित्र पाही आणि अ‍ॅपर्चर स्वतःच्या हाताने लहान करी. चित्र अंधुक होई, पण जे दिसे ते खरे असे. शिकारीहून परतलेल्या साहेबांच्या रांगा खुर्चीत, खुर्चीमागे आणि जमिनीवर अशा बसवल्यावर पहिल्यापासून शेवटच्या मिशीपर्यंत सगळ्या मिशा स्पष्ट हव्या असत. समोरच्या साहेबांना न हलण्याची ताकीद देण्याची सोयही त्या काळी होती. आज ती एकाही वऱ्हाडापुढे चालत नाही.

त्यानंतर जुन्या स्टुडिओंमध्ये यशिकाचे दोन लेन्सांचे कॅमेरे आले. त्यांत वरची लेन्स बघण्याची आणि खालची फोटो काढण्याची. वरच्या लेन्सला अ‍ॅपर्चरच नसे, त्यामुळे पट्टा डोळ्याने पाहण्याचा प्रश्नच मिटला. फोकसच्या चाकाजवळ कोरलेले आकडे पाहायचे, नाहीतर एफ/८ लावून परमेश्वरावर हवाला ठेवायचा, अशा दोन परंपरा होत्या आणि दुसरीला अनुयायी जास्त होते. १९५९ साली आलेल्या नायकॉन एफ या कॅमेऱ्यात आपोआप मिटणारे भोक, चटकन परतणारा आरसा आणि प्रिव्ह्यूचे बटण हे तिन्ही एकत्र होते. १९७६ च्या पेंटॅक्स के१००० मध्ये हे बटण वगळले गेले. तो कॅमेरा विद्यार्थ्यांसाठी म्हणून जगभर प्रसिद्ध झाला, म्हणजे ज्यांना बटणाची सर्वांत जास्त गरज त्यांच्याच हातून ते काढून घेतले गेले. डिजिटल काळातही हा रिवाज मोडलेला नाही. नायकॉनच्या स्वस्तातल्या डी३००० मालिकेत बटण नाही. महागड्या कॅमेऱ्यांत आहे, जे घेणाऱ्याला आपल्याला सगळे येते असे वाटत असते.

बटण असलेच तर ते कुठे असते, हा स्वतंत्र विषय आहे. शटरचे बटण आंधळ्यालाही सापडावे असे वर बसवलेले असते. प्रिव्ह्यूचे बटण लेन्स बसते त्या गोल कड्याच्या कडेला, कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला असते, म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावलेल्या माणसाला ते कधीच दिसत नाही. ते चाचपडून शोधावे लागते. पेंटॅक्सच्या अनेक कॅमेऱ्यांत तर कॅमेरा चालू-बंद करण्याचा खटका आणखी थोडा पुढे ढकलला की प्रिव्ह्यू होतो. नवख्या हाताने उलट दिशेला ढकलला की अंधार होतो खरा, पण तो कॅमेरा बंद झाल्याचा.

या बटणाची उपयुक्तता समजून घ्यायची तर लग्नाच्या स्टेजइतकी चांगली प्रयोगशाळा दुसरी नाही. तुळशीचे लग्न लागले की बीडमधली मंगल कार्यालये भरू लागतात, आणि ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडे कारखान्यांवरून परतली की उन्हाळ्यात लग्नांना ऊत येतो. स्टेजवर खुर्च्यांची एक रांग, तिच्यामागे उभ्यांची दुसरी आणि बाकावर चढलेल्यांची तिसरी. फोटोग्राफरच्या हाती मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, त्याला ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स. ही लेन्स स्वस्त मिळते आणि मागचे झकास ब्लर करते, म्हणून ती प्रत्येकाकडे असते. समजा उभी रांग चार मीटरवर आहे आणि फोकस तिच्यावर आहे. एफ/१.८ ला पट्टा साधारण ३.७ मीटरपासून ४.४ मीटरपर्यंत पसरतो, म्हणजे जेमतेम ७० सेंटिमीटर. रांगांमध्ये दोन-दोन फुटांचे अंतर धरले तर खुर्चीतली मंडळी ३.४ मीटरवर आणि बाकावरची ४.६ मीटरवर येतात. दोन्ही रांगा पट्ट्याबाहेर.

बाकावरच्यांचे कुणाला फारसे सोयरसुतक नसते. तिथे नवरदेवाचे मित्र असतात आणि त्यांतले निम्मे तसेही हललेले असतात. खुर्चीतल्यांची गोष्ट वेगळी. खुर्चीत आजोबा, थोरले मामा आणि व्याही बसलेले असतात. आहेरात टोपी-टॉवेल कमी पडल्यावर जे होते, तेच करिझ्मा अल्बमच्या पहिल्या पानावर व्याही ब्लर आल्यावर होते, फक्त दोन महिने उशिरा. ‘आबाचं तोंडच दिसना की ओ’ हे वाक्य फोटोग्राफरला दुकानात ऐकावे लागते, आणि त्यावर एफ/१.८ चा खुलासा चालत नाही, कारण त्या लेन्सने नवरीच्या मैत्रिणी मात्र स्पष्ट आलेल्या असतात. खुलाशापेक्षा तोच पुरावा वजनदार ठरतो.

उपाय फार मोठा नाही. एफ/४ लावले की त्याच जागेवरून पट्टा सुमारे ३.४ ते ४.९ मीटर होतो आणि तिन्ही रांगा कशाबशा सामावतात. एफ/५.६ ला तो ३.१५ पासून ५.४५ पर्यंत जातो आणि फोटोग्राफरला रात्री झोप लागते. प्रश्न एवढाच, की हे स्टेजवर उभ्या उभ्या कळायचे कसे? पाटी-पेन्सिल घेऊन कोणी लग्नाला जात नाही. इथे बटण दाबावे. खुर्चीतल्या रांगेकडे बघत दाबावे आणि दाबून ठेवावे, कारण डोळ्याला मंद उजेडाची सवय व्हायला थोडे सेकंद लागतात. पहिल्या क्षणी फक्त अंधार दिसतो आणि बहुतेक जण त्याच क्षणी बोट उचलतात. धीर धरला तर अंधारातून आबांच्या मिशीची कड हळूहळू धारदार झालेली दिसते. चाळीस वऱ्हाडी, डीजे आणि ‘अहो, लवकर घ्या, पंगत बसलीय’ अशी आरोळी यांच्या सान्निध्यात हा धीर किती जणांना धरता येतो, हे सांगण्याची गरज नाही.

शिवाय डेकोरेशनवाल्याचा प्रश्न असतो. स्टेजच्या मागे फुलांची कमान, झुंबरे आणि नवरा-नवरीची नावे लिहिलेला एलईडी पडदा असतो. त्याचे पैसे मुलीच्या बापाने मोजलेले असतात, कधी कर्ज काढून. एफ/१.८ ला हे सगळे रंगीत ठिपक्यांत विरघळते. फोटोग्राफीच्या दृष्टीने तो फोटो सुंदर असतो आणि बापाच्या दृष्टीने त्यात डेकोरेशनच झालेले नसते. दोघेही आपल्या जागी बरोबर असतात. उघड्या लेन्समधून पाहणाऱ्या फोटोग्राफरला ठिपकेच दिसतात, एफ/८ ला कमान किती उमटेल याचा अंदाज येत नाही. बटण दाबल्यावर तो येतो. मुलीच्या बापाला व्ह्यूफाइंडरमधून डोकावायला बोलवावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर ठरवावे.

आता उलटी बाजू. उघडी लेन्स काही गोष्टी लपवते आणि भोक मिटले की त्या बाहेर येतात. प्री-वेडिंगच्या फोटोंची साथ जिल्ह्यात चांगलीच पसरली आहे. धारूरचा किल्ला, कपिलधारचा धबधबा, बीड शहरातले पाण्याच्या कुंडात उभे असलेले कंकालेश्वराचे मंदिर, अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी ही जोडप्यांची नेहमीची ठिकाणे. परळीच्या आसपास कुठे माळावर फोटो काढायचा झाला तर क्षितिजावर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या असतात. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे उघड्या लेन्समध्ये, त्या राखाडी धूसर रेघा होऊन जातात आणि फोटोग्राफरचे लक्ष नवरीच्या पदराकडे असते. मग भर दुपारचे ऊन म्हणून तो एफ/११ लावतो, फोटो काढतो, आणि नवरदेवाच्या फेट्यातून थेट एक चिमणी उगवते. चिमणीला त्या दिवशी धूर असेल तर नवरदेवाविषयी भलताच समज होतो. बटण दाबून पाहिले असते तर चिमणी आधीच दिसली असती आणि नवरदेवाला दोन पावले डावीकडे सरकवून भागले असते. बीड जिल्ह्यात विजेचे खांब, बोअरचे पाइप आणि उसाच्या ट्रॉल्या यांची उणीव नाही. यांपैकी काहीही कोणाच्याही डोक्यातून उगवू शकते.

पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. मोरांसाठी राखलेले हे रान १९९४ साली जाहीर झाले आणि तिथे लांब लेन्सवाल्यांची गर्दी पावसाच्या तोंडाला होते. ३०० मिलिमीटरची लेन्स, लहान सेन्सरचा कॅमेरा आणि वीस मीटरवरचा मोर असा योग आला तर एफ/५.६ ला पट्टा साधारण एक मीटरचा मिळतो. पिसारा असलेला पूर्ण वाढीचा नर चोचीपासून पिसाऱ्याच्या टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास असतो. मोर आडवा चालत असेल तर काही अडचण नाही, सगळा मोर एकाच अंतरावर असतो. तो पाठ करून निघून जात असेल, आणि मोर बहुधा तेच करतो, तर अर्ध्या मोरावर समाधान मानावे लागते. एफ/११ ला पट्टा दोन मीटर होऊन पुरा मोर बसतो, पण मग उजेड चौथाई होतो, शटर मंदावते आणि मोर हललेला येतो. यातून सुटका बटणाने होत नाही. कुठला अर्धा मोर घ्यायचा, एवढे मात्र ते आधी ठरवू देते. अनुभवी लोक डोक्याकडचा घेतात.

त्याच रानात बटणाचा दुसरा उपयोग आहे, आणि तो जास्त मोलाचा. मोर आणि कॅमेरा यांच्यामध्ये बाभळीची एक काडी असते. ती नेहमीच असते. एफ/५.६ ला कॅमेऱ्याजवळची काडी इतकी फिकट पसरते की व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतच नाही. एफ/११ ला ती मोराच्या गळ्यावरून आडवी, काळी, काट्यांसकट उमटते. घरी आल्यावर संगणकावर ती पहिल्यांदा दिसते आणि पाटोद्याला परत जाण्याइतके पेट्रोल कोणाकडे नसते.

सौताड्याच्या धबधब्यापाशी हिशेब सोपा होतो. पावसाळ्यात विंचरणा नदी दरीत कोसळते तेव्हा १८ मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/८ लावून दोन मीटरवर फोकस केला की लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात एक मीटरवरच्या शेवाळलेल्या दगडापासून समोरच्या कड्यापर्यंत सगळे स्पष्ट येते. बटणाने खात्री करावी म्हटले तर रुंद लेन्समध्ये सगळेच इतके चिमुकले दिसते की काहीच कळत नाही. इथे आकडे पाठ असणे बरे. पाऊस नसेल तेव्हा धबधबाही नसतो, त्यामुळे वर्षातले बरेच महिने या हिशेबाला सुट्टी असते.

अगदी जवळून काढायच्या फोटोंत मात्र बटणाला पर्याय नाही. बालाघाटच्या डोंगरांतल्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्याचे फोटो पेट्यांवर, पत्रकांवर लागतात. मॅक्रो लेन्सने फळ सेन्सरवर निम्म्या मापाचे उमटेल इतके जवळ गेले, तर लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ/८ लाही पट्टा दोन मिलिमीटर भरत नाही. सीताफळाला अंगभर डोळे. माणसाच्या फोटोत डोळ्यावर फोकस करावा हा नियम सगळ्यांना पाठ असतो; सीताफळाच्या बाबतीत तो कुठल्या डोळ्यावर लावायचा हे कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही. बटण दाबून एफ/८, एफ/११, एफ/१६ असे पाहत गेले की कितवा डोळा स्पष्ट होतो ते मोजता येते. एफ/१६ च्या पुढे मात्र जाऊ नये. भोक फार लहान झाले की प्रकाश त्याच्या कडेवर वाकतो आणि सगळेच फळ थोडे मऊ दिसू लागते. पिकल्याचा भास होतो, पण गिऱ्हाईक फसत नाही.

डिजिटल कॅमेरा आल्यावर ‘काढून बघू’ हा पंथ वाढला. पंथाचे म्हणणे असे, की रीळ संपण्याची भीती गेली, फोटो काढावा, मागच्या पडद्यावर बघावा, नाही जमले तर दुसरा काढावा. अंधारात चाचपडण्याची हौस कोणाला? म्हणणे बरेचसे खरे आहे. सीताफळ आणि हत्तीखान्यातले दगडी हत्ती जागचे हलत नाहीत, त्यांना हा पंथ चालतो. अडचण पडद्याची आहे. तीन इंची पडद्यावर सगळेच स्पष्ट दिसते, आबाही दिसतात. डेप्थ ऑफ फील्ड फोटोच्या आकारावर अवलंबून असते ती अशी. चित्र मोठे करून, खालच्या कोपऱ्यापर्यंत सरकवत नेऊन आबांची मिशी तपासली तरच खरे काय ते कळते, आणि तोवर आबा जेवायला गेलेले असतात.

बटणाचा एक दुष्परिणामही नोंदवायला हवा. कॅननच्या अनेक फ्लॅशना मॉडेलिंग फ्लॅश नावाची सोय आहे: कॅमेऱ्यावर फ्लॅश लावलेला असताना प्रिव्ह्यूचे बटण दाबले की फ्लॅश सुमारे एक सेकंद सलग थरथरत पेटतो, सावल्या कुठे पडतात ते दिसावे म्हणून. नायकॉनच्याही काही कॅमेऱ्यांत हे आहे. भर मंगलाष्टकांत शेवटच्या ‘सावधान’च्या आधी फोटोग्राफरचे बोट चुकून त्या बटणावर गेले तर अर्धा मांडव अक्षता टाकून मोकळा होतो. वाजंत्री सुरू झाली तर मग भटजींनाही थांबता येत नाही.

आता बटणाची मर्यादा, जी विकणारा सांगत नाही. हल्लीच्या एसएलआरमधली घाशीव काच उजळ चित्रासाठी घडवलेली असते आणि त्या उजेडाची किंमत म्हणून साधारण एफ/२.८ पेक्षा मोठ्या भोकाचा परिणाम ती दाखवूच शकत नाही. एफ/१.८ ची लेन्स लावली तरी डोळ्याला दिसते ते एफ/२.८ च्या आसपासचे. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरने दोन मीटरवरचा चेहरा घेतला तर व्ह्यूफाइंडर साधारण १८ सेंटिमीटरचा पट्टा दाखवतो आणि फोटोत मिळतो साडेअकरा सेंटिमीटरचा. नाक आले, डोळे आले, कान गेले, नथ असेल तर तिचा भरवसा नाही. एफ/१.८ लावून बटण दाबले तर तसूभरही फरक दिसत नाही आणि लोक समजतात की बटण बंद पडले. कॅननने ५डी सारख्या काही कॅमेऱ्यांसाठी खरा फोकस दाखवणाऱ्या वेगळ्या काचा विकल्या होत्या. त्या बसवल्या की बारीक भोकाच्या लेन्सने आणखी अंधार होत असे. सत्याच्या जवळ जावे तितका उजेड कमी, अशी या यंत्राची एकूण रचना आहे.

जिथे फोटो कायम मोठ्यात मोठा छापतात, तिथे मात्र डेप्थ ऑफ फील्डची गरज नसते. चौकातल्या फ्लेक्सवर साहेब, दादा, भाऊ, आबा आणि शुभेच्छुक एकाच पट्टीत, सगळे सारखेच स्पष्ट असतात, कारण प्रत्येकाला वेगळ्या फोटोतून कापून आणलेले असते. तिथे कोण किती मोठा दिसावा हे पदावरून ठरते. खालच्या रांगेतल्या शुभेच्छुकांचे चेहरे लहान असले तरी ब्लर नसतात. तसे झाले तर पुढच्या वाढदिवसाला वर्गणी येणार नाही.

आरसा नसलेल्या, मिररलेस कॅमेऱ्यांनी हा सगळा प्रश्न बाजूला सारला. त्यांत डोळ्याला दिसते ते सेन्सरवरचे चित्र. भोक मिटले तरी कॅमेरा चित्र विजेच्या जोरावर उजळ करून दाखवतो. नायकॉनच्या झेड मालिकेत एफ/५.६ पर्यंत लेन्स लावलेल्या अ‍ॅपर्चरलाच मिटून असते; त्याहून लहान भोक पाहायचे तर तेवढ्यापुरता प्रिव्ह्यू नेमून घ्यावा लागतो. कॅननच्या आर५, आर६ मध्ये एक्सपोजरबरोबर डेप्थ ऑफ फील्डही सतत दाखवण्याची सोय आहे. अंधार गेला. त्याच्या जागी मंगल कार्यालयाच्या ट्यूबलाइटमध्ये थोडी खरखर दिसते, पण तिला बीडमध्ये कोणी अंधार म्हणणार नाही.

मोबाइलमध्ये तर पट्टाच नकली असतो. सेन्सर नखाएवढा, त्यामुळे पुढचे-मागचे सगळे मुळातच स्पष्ट येते. मग यंत्र कोण माणूस, कोण भिंत याचा अंदाज करते आणि भिंत ब्लर करते. २०१६ साली आयफोन ७ प्लसने ही तऱ्हा रूढ केली आणि २०१८ च्या आयफोन एक्सएसमध्ये फोटो काढल्यावर ब्लर कमी-जास्त करण्याची पट्टी आली, म्हणजे प्रिव्ह्यू फोटो निघून गेल्यावर. यंत्राला फेट्याचा तुरा आणि मुंडावळ्या अजून नीट उमगलेल्या नाहीत. तुऱ्याचा वरचा निम्मा भाग ते भिंतीत जमा करते आणि मुंडावळ्यांची एक सर राखून दुसरी पुसून टाकते. तरी हा फोटो स्टेटसला लागतो आणि त्याखाली ‘लय भारी’ येते.

ज्यांच्याकडे अजून आरशाचा कॅमेरा आहे आणि येत्या तिथीला समूहफोटोची सुपारी आहे, त्यांनी आदल्या दिवशी घरी तीन खुर्च्या दोन-दोन फुटांवर एकामागे एक मांडाव्यात, मधल्या खुर्चीवर फोकस करावा आणि एफ/२.८ पासून एफ/८ पर्यंत प्रत्येक आकड्याला बटण दाबून पहिल्या खुर्चीकडे बघत राहावे. बटण कॅमेऱ्यावर कुठे आहे ते माहितीपुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांतल्या आकृतीत दाखवलेले असते. पुस्तिका खोक्यात असते आणि खोके माळ्यावर. ते नाही सापडले तर कॅनन आणि नायकॉन दोघांच्याही पुस्तिका इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात.